मानमोडी ते कोरोना : सज्जता कोणाची, कोणापर्यंत?

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा शिक्षण, संस्कार, वसतिगृहातील दिवस असे नेहमीचे विषय आमच्यासमोर होते. त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारे मान्यवर या अंकात आहेतच. आम्ही निवडलेला विषय थोडा आडवळणाचा आहे. विषाणूची साथ येते तेव्हा रुग्णालयातील डॉक्टर किती जागरूक आणि किती सज्ज असतात, आणि ती सज्जता रुग्णालयाच्या कोणत्या पायरीपर्यंत खाली उतरते, हा तो विषय. निवडीचे कारण साधे आहे. माजी विद्यार्थ्यांची यादी चाळली की दिसते, शिक्षकी पेशाच्या खालोखाल आपली मुले-मुली कोठे गेली असतील तर ती रुग्णालयांत. काही डॉक्टर झाले, त्याहून कितीतरी अधिक मुली परिचारिका झाल्या, काही जण प्रयोगशाळेत आणि औषधालयात रुजू झाले. आणि प्रवेशअर्जावरील पालकांच्या व्यवसायाचा रकाना पाहिला, तर सफाई कामगार, कक्षसेवक, आया, रुग्णवाहिकेचा चालक या नोंदी दर वर्षी सापडतात. रुग्णालयाच्या इमारतीत आपला समाज वरच्या मजल्यावर आत्ता कुठे पोहोचला आहे; तळमजल्यावर तो पिढ्यानपिढ्या आहेच.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. कोरोनाबद्दल बोलायचे म्हटले तरी पाय आधी मागे वळतात. आमची आजी आपले वय सांगताना ‘मानमोडीच्या साली मी पाळण्यात होते’ असे म्हणे. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. माणूस तापाने असा फणफणे की मान टाकून देई, म्हणून आपल्या खेड्यापाड्यांनी त्याला हे नाव दिले. त्या साथीत हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होतात आणि तेथून वर चढतात. १९११ च्या खानेसुमारीपेक्षा १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या कमी भरली. आजवरच्या खानेसुमाऱ्यांत असे एकदाच घडले आहे. तरीही शालेय इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या महायुद्धाला मिळते तेवढी जागा मानमोडीला कधी मिळाली नाही. युद्धाला सेनापती असतात, तहाच्या तारखा असतात. साथीला नुसते मृत असतात आणि त्यांतले बहुतेक बिनानावाचे.

मुंबईत त्या साथीची पहिली दखल रुग्णालयातच घेतली गेली, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई पोलीस रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. त्यांचा ताप हिवतापाचा नाही, हे तेथील वैद्यकांच्या लक्षात आले. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांचे मत असे पडले की हा रोग गोदीतून, जहाजांवाटे शहरात आला. सरकारी बाजूने ते मान्य होईना, आणि दोष शहराचा की बंदराचा यावर कागद रंगू लागले. जूनची पहिली लाट ओसरली आणि सप्टेंबरात दुसरी, कितीतरी पटींनी अधिक जीवघेणी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. दोन लाटांच्या मधला उसंतीचा काळ हाताशी होता; पण अनेक डॉक्टर युद्धावर गेलेले, पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेले, आणि राज्यकर्त्यांचे सारे लक्ष युद्धाकडे. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक औषधाच्या बाटल्या घेऊन चाळीचाळीतून फिरले, ही त्या काळोखातली खरी उजेडाची जागा.

याच साथीतील एक आकडेवारी आम्ही दर वर्षी दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहितो. मुंबई शहरात त्या साथीत दर हजारी किती माणसे दगावली, हे त्या काळच्या नोंदींत जातधर्मवार दिलेले आहे. युरोपियन ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, आणि ज्यांना त्या नोंदींत खालच्या जातींचे हिंदू म्हटले आहे ते ६१.६. मुले आकडे उतरवून घेतात आणि थोडा वेळ वर्ग शांत असतो. मग कोणीतरी विचारतेच, ‘‘सर, त्यांना औषध दिलं नाही का?’’ या प्रश्नाचे उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटते, म्हणून सांगतो. त्या साथीवर औषध कोणाकडेच नव्हते. रोगाचे मूळ विषाणूत आहे हेही कोणाला ठाऊक नव्हते. बहुतेकांचा संशय एका जिवाणूवर होता, आणि माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढण्यात लंडनच्या संशोधकांना यश आले ते १९३३ साली. म्हणजे गव्हर्नराच्या बंगल्यावर जाणाऱ्या डॉक्टरच्या पेटीतही या रोगावरचे औषध नव्हते. मग ८ आणि ६१ यांतले अंतर कशाचे? ते अंतर खोलीत येणाऱ्या हवेचे, अंथरुणाशी बसून पाणी पाजणाऱ्या माणसाचे, पेजेच्या वाटीचे, तापात कामावर जावे लागते की नाही याचे आहे. ज्या गोष्टींना औषधशास्त्रात स्थान नाही त्याच गोष्टी सर्वांना सारख्या मिळाल्या नाहीत. याच शहरात, परळच्या एका चाळीत, बाबासाहेबांचे कुटुंब त्या वेळी राहत होते, आणि साथीच्या ऐन भराला लागूनच, नोव्हेंबर १९१८ मध्ये, बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

त्याआधी वीस वर्षे प्लेगने पुणे-मुंबई हादरली होती. प्लेग हा जिवाणूचा रोग, तेव्हा तो आमच्या विषयात काटेकोरपणे बसत नाही. पण डॉक्टरच्या सज्जतेची गोष्ट निघावी आणि डॉ. यशवंत फुले यांचे स्मरण होऊ नये, हे आमच्याने होणार नाही. सरकारी प्लेग मोहिमेला लोक रोगाइतकेच भीत होते. घरांची झडती होईल या धाकाने घरचा रुग्ण लपवीत होते. त्याच सुमारास सावित्रीबाईंनी यशवंतरावांना बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, सरकारने साथरोग अधिनियम केला होता. अधिकाऱ्यांना अमर्याद अधिकार देणारा हा दोन-तीन पानांचा कायदा महाराष्ट्रात १३ मार्च २०२० रोजी पुन्हा लागू झाला. सव्वाशे वर्षांत कायदा तोच राहिला. त्यात रुग्णाचे हक्क नव्हते आणि रुग्णसेवकाचे संरक्षणही नव्हते. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले होऊ लागले तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, अध्यादेश काढून त्यांच्या संरक्षणाचे कलम त्यात घालण्यात आले.

आता कोरोनाकडे येऊ. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले आणि ते नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयात दाखल झाले. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी याच रुग्णालयासमोर पुणेकरांच्या रांगा लागल्या होत्या, आणि विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही पुण्यातच. अकरा वर्षांपूर्वीचा अनुभव असलेली माणसे तेथे होती, ही पुण्याची जमेची बाजू. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रुग्णालयांत मात्र अनेक तरुण डॉक्टरांनी विलगीकरण कक्ष हा शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर पहिल्यांदाच ऐकला.

जागरूकता म्हणजे नेमके काय, याचे आमच्या पाहण्यातले उत्तम उदाहरण मात्र कोरोनाचे नाही. ते केरळातील आहे. २०१८ च्या मे महिन्यात कोझिकोडच्या एका खासगी रुग्णालयात मेंदूज्वराचा एक रुग्ण आला. त्याच्याच घरातला दुसरा माणूस काही दिवसांपूर्वी तशाच लक्षणांनी गेला होता. मेंदूज्वर एका घरात असा एकापाठोपाठ येत नाही, हे तेथील डॉक्टरांना खटकले. त्यांनी नमुने मणिपालच्या विषाणू प्रयोगशाळेला पाठवले, पुण्याच्या संस्थेने निदानाला दुजोरा दिला आणि निपाह विषाणू थोड्याच दिवसांत ओळखला गेला. हे सारे यंत्राने साधले नाही. घरातल्या इतरांची चौकशी करणाऱ्या एका प्रश्नाने साधले. पण त्याच साथीत पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुथुसेरी यांचा २१ मे रोजी मृत्यू झाला. निदान होईपर्यंत रुग्णाच्या उशाशी परिचारिका असते. डॉक्टरला शंका येण्यास जितका वेळ लागतो, तितका वेळ तिला कोणाच्याही सूचनेवाचून काढावा लागतो.

आमची एक विद्यार्थिनी २०२० मध्ये एका शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टर होती. तिचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते आणि तिला दहावीपर्यंत आम्ही शिकवले आहे, एवढी ओळख पुरे. त्या वर्षाच्या मार्चअखेर तिच्या रुग्णालयात पीपीई किट कसे चढवायचे आणि कसे उतरवायचे याचे प्रशिक्षण झाले. सभागृहात पडदा लावला होता. पुढच्या रांगेत प्राध्यापक, मग निवासी डॉक्टर, मागे परिचारिका. वॉर्डातल्या मावशी आणि मामा, म्हणजे ज्यांना कागदोपत्री चतुर्थश्रेणी कर्मचारी म्हणतात ते, चहाचे पेले गोळा करत दाराशी उभे होते. प्रशिक्षण संपल्यावर त्यांना एवढेच सांगण्यात आले, की मास्क लावा आणि घाबरू नका.

ती आम्हाला फोनवर म्हणाली, ‘‘सर, मी कागद घेऊन हिशेब मांडला. प्रोफेसर राउंडला दहा मिनिटं आत असतात. आम्ही तासभर. सिस्टर सहा तास. आणि मावशी? त्या तर आतच असतात, आणि आम्ही काढून टाकलेली किटंसुद्धा त्याच उचलतात.’’ किट घालण्यापेक्षा काढताना धोका अधिक, हे तिला ठाऊक होते. बाहेरची बाजू दूषित झालेली असते. घामाने भिजलेला, थकलेला माणूस घाईने हातमोजा ओढतो, तोच हात तोंडाकडे नेतो आणि सहा तासांची सारी काळजी वाया जाते. तिने रात्रपाळी संपल्यावर कपडेखान्यात मावशी-मामांचा वर्ग सुरू केला. पडदा नव्हता. त्या साली टाळेबंदीमुळे चौदा एप्रिलची मिरवणूक निघाली नव्हती आणि तिच्या खोलीवर निळ्या गुलालाची पुडी तशीच पडून होती. तिने तो गुलाल किटच्या बाहेरून चोळला आणि सांगितले, हा विषाणू समजा. आता अंगाला, हाताला निळे न लागता किट उतरवून दाखवा.

पहिल्या दिवशी बहुतेकांचे हात निळे झाले. एका वयस्क मावशींच्या हातावर मात्र ठिपकाही नव्हता. तीस वर्षे दुसऱ्यांची घाण उचलताना बाहेरची बाजू आत गुंडाळून कपडा कसा उतरवायचा, हे त्यांच्या बोटांना कोणी न शिकवता अवगत झाले होते. दोन दिवसांनी एक वरिष्ठ प्राध्यापक कुतूहलाने तेथे डोकावले. त्यांनीही किट उतरवून दाखवले, आणि त्यांच्या मानेवर निळा पट्टा उमटला. सभागृहात पडद्यासमोर उभे राहून शिकवले होते ते त्यांनीच. सरांचा मोठेपणा असा की ते रागावले नाहीत. त्यांनी त्या मावशींना पुन्हा करून दाखवायला सांगितले आणि खाली बसून लक्षपूर्वक पाहिले. पुढच्या आठवड्यापासून सभागृहातील प्रशिक्षणात मावशी पुढच्या रांगेत बसू लागल्या. हा प्रसंग आम्ही कानांनी ऐकलेला आहे, डोळ्यांनी पाहिलेला नाही. परंतु सांगणारीच्या शब्दावर आमचा विश्वास आहे.

सगळीकडे असे घडले नाही. आपल्या आठवीतल्या एका मुलाचे वडील दुसऱ्या एका गावच्या रुग्णालयात कंत्राटी सफाई कामगार होते. सप्टेंबर २०२० मध्ये ते कोरोनाने गेले. कोविड कक्षातला कचरा ते उचलत असत. पिवळ्या पिशव्या दुहेरी बांधायच्या, हे त्यांना ठाऊक होते. त्या बांधताना आपल्या हातात काय असायला हवे, हे कोणी सांगितले नव्हते. आरोग्यसेवकांसाठी केंद्र शासनाने जाहीर केलेल्या पन्नास लाखांच्या विम्यात कंत्राटी आणि सफाई कामगारही धरलेले होते. त्या बाईंसोबत आम्ही अर्ज लिहिला. कोविड कक्षात काम केल्याचा दाखला हवा होता. रुग्णालय म्हणे, तो माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणे, त्याला कोणत्या कक्षात पाठवायचे ते रुग्णालय ठरवी. हजेरीपटावर सही होती, कक्षाचे नाव नव्हते. दोन वर्षांत चार टेबले फिरून तो अर्ज ज्या टेबलावरून निघाला होता तेथेच परत आला. त्याच्या प्रती आमच्या कपाटात आहेत. पुढे १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस एका सफाई कामगाराला देण्यात आली. त्याचे छायाचित्र सर्व वृत्तपत्रांत आले. चांगले झाले. आमच्या नजरेसमोर मात्र तो हजेरीपट होता.

डॉक्टरांना न्याय द्यायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. या रोगाने त्यांना दर तीन महिन्यांनी आपलेच ज्ञान खोडायला लावले. रक्तद्रव उपचाराचेच पाहा. बऱ्या झालेल्या रुग्णाचे रक्तद्रव आजाऱ्याला द्यावे, या कल्पनेने लोकांच्या मनाची पकड घेतली. समाजमाध्यमांवर दात्यांचा शोध सुरू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर रीतसर चाचणी केली आणि त्यातून मृत्यू टळत नसल्याचे दिसले. तरीही मे २०२१ पर्यंत तो उपचार मार्गदर्शक सूचनांतून हटला नाही. रेमडेसिविरचे तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच त्याची शिफारस नाकारली होती. पण एप्रिल २०२१ मध्ये औषधांच्या दुकानांपुढे पहाटेपासून रांगा होत्या आणि काळ्या बाजाराला ऊत आला होता. उलट डेक्सामेथासोनसारखे स्वस्त, जुने औषध ज्यांना प्राणवायू लागतो अशा रुग्णांचे प्राण वाचवते, हे जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवले. तेच औषध सौम्य आजारात, घरच्या घरी, वाटेल तसे घेतले गेले तेव्हा काळ्या बुरशीला वाट मोकळी झाली.

त्या एप्रिलमध्ये आमच्या एका सहकाऱ्याचे बंधू रुग्णालयात होते. नातेवाईक इंजेक्शनासाठी डॉक्टरच्या अंगावर धावून जाण्याच्या बेतात होते. त्या तरुण डॉक्टरने दाराशी स्टूल ओढले, आणि पीपीईच्या आतून घोगऱ्या आवाजात, हे इंजेक्शन का नको, प्राणवायू किती चालू आहे, पालथे झोपवल्याने काय होते, हे एकेक करून सांगितले. सात-आठ मिनिटे लागली असतील. त्या वेळी अशी सात मिनिटे कोठून काढायची, हा प्रश्नच होता. अनेक डॉक्टरांनी जमावाच्या भीतीने चिठ्ठी लिहून दिली. त्यांना दोष देताना आम्हाला संकोच वाटतो. बाहेर उभा असलेला जमाव आम्ही पाहिला आहे. तथागतांनी कालामांना सांगितले होते की, परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश ऐकायला सोपा आहे. भाऊ गुदमरत असताना, दुकानात इंजेक्शन असल्याची बातमी आलेली असताना तो आचरणात आणणे किती कठीण, हे त्या दिवशी समजले. आमचे सहकारी इंजेक्शनाविना घरी परतले. त्यांचे बंधूही पंधरवड्याने घरी आले. यावरून कोणी औषधशास्त्राचा सिद्धान्त काढू नये. सांगायचे एवढेच, की तो डॉक्टर बोलला.

सज्जतेची महाराष्ट्रातील दोन उदाहरणे आपल्या मुलांनी तपशिलाने अभ्यासावीत असे आम्हाला वाटते. पहिले धारावीचे. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपासच्या जागेत आठ-दहा लाख माणसे; अंतर राखा हा सल्ला तेथे विनोद ठरावा. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण सापडला. पालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना साद घातली. पालिकेने त्यांना किट पुरवले आणि ते गल्लीबोळांतून तपासणीला निघाले. त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षे तेथे छोटे दवाखाने चालवणारे. मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञ या गल्ल्यांत गेला असता तर दारे बंद झाली असती. या डॉक्टरांपुढे ती उघडली, कारण घरातल्या म्हातारीचा खोकला त्यांना तोंडपाठ होता. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला. १८९७ च्या झडत्यांशी हे ताडून पाहिले म्हणजे विश्वास ही वैद्यकीय साधनसामग्री कशी असते ते कळते.

दुसरे उदाहरण नंदुरबारचे. तेथील त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे भिल्ल समाजातले, नवोदय विद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकलेले आणि मुंबईच्या केईएममधून डॉक्टर झालेले. पहिली लाट उतरत होती, इतर ठिकाणी कोविड केंद्रे गुंडाळली जात होती, तेव्हा, सप्टेंबर २०२० मध्ये, त्यांनी जिल्ह्यात प्राणवायूचा पहिला प्रकल्प उभा केला आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी दोन. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी टँकरची वाट पाहत होती, तेव्हा राज्याच्या टोकाचा हा आदिवासी जिल्हा आपली गरज भागवत होता. प्रत्येक रुग्णाला किती प्राणवायू हवा आणि किती वाया जातो, यावर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र परिचारिका नेमण्याची पद्धतही तेथे रुळली. १९१८ मध्ये दोन लाटांमधला जो काळ हातचा गेला, तो काळ या माणसाने वापरला. वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलाला पुढच्या महिन्याचे धान्य आज मोजून ठेवण्याची सवय असते, असे आमच्या एका सहकारी बाई म्हणाल्या. यात थोडा आपल्या पेशाचा अभिमान मिसळला आहे. तरी आम्ही तो खोडत नाही.

निवासी शाळा हीही एका अर्थाने रुग्णालयाची पहिली पायरी आहे. एका दालनात चाळीस-चाळीस मुले झोपतात. गोवर, कांजिण्या, डोळे येणे, फ्लू, काहीही एका मुलाला झाले की आठवड्यात अर्धे वसतिगृह आडवे होते. शाळा पुन्हा भरल्यानंतर आम्ही आमच्या त्या विद्यार्थिनीला मार्गदर्शनासाठी बोलावले. आता ती तज्ज्ञ डॉक्टर आहे. शिक्षकवृंद सभागृहात हारतुरे घेऊन बसला होता. ती आली आणि प्रथम स्वयंपाकी, कामाठी, चौकीदार आणि अधीक्षक यांना बोलवा म्हणाली. त्यांच्यासह ती आजारी मुलांच्या खोलीत गेली. खोलीची एक खिडकी डास येतात म्हणून खिळे ठोकून बंद केलेली होती. तिने ती आधी उघडवली, जाळी बसवायला सांगितली, मग ऑक्सिमीटर बोटाला लावून दाखवला, आणि पिशवीतून निळ्या गुलालाची पुडी काढली. दुपारभर आमच्या कामाठ्यांचे हात निळे होते.

शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. मग आमच्या स्वयंपाकीण बाई उठल्या. वय पंचावन्नच्या पुढे, अक्षरओळख बेताची. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टरताई, आजारी पोराला वेगळं ठेवायचं, त्याचं ताट वेगळं ठेवायचं, हे समजलं. पण आमच्या आजानं वेगळ्या कपातला चहा पिला. पोराला तसं वाटू नये म्हणून काय करायचं?’’

सभागृहातून आलेले दोन-तीन शिक्षक दाराशी होते, तेही निःशब्द झाले. टाळेबंदीच्या काळात ‘सामाजिक अंतर’ हा शब्द दिवसातून शंभरदा कानांवर आदळत होता, तेव्हा आम्हीही आतून आक्रसत होतो. शारीरिक अंतर म्हणा, असे वर्गात सांगत होतो. पण त्या शब्दामागचे खरे दुखणे या बाईंनी असे ताटात वाढून समोर ठेवले. डॉक्टर झालेली आमची विद्यार्थिनी लगेच उत्तरली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘मावशी, हा ताप बहुतेक हवेतून जातो, ताटातून फारसा नाही. ताट सगळ्यांचंच असू द्या, साबणानं नीट धुवा, झालं. अंतर हवं ते श्वासाला. आणि तो एकटा जेवणार नाही एवढं बघा. खिडकी उघडी ठेवून, मास्क लावून कोणीतरी दाराबाहेर बसा, त्याचं जेवण होईपर्यंत बोलत राहा.’’

त्या संध्याकाळीच चौकीदारांनी आजारी खोलीच्या दाराबाहेर सहा फूट मोजून एक प्लास्टिकची खुर्ची मांडली. गेल्या पावसाळ्यात फ्लूने सहावीतली तीन मुले तेथे होती. दुपारच्या जेवणाला त्या खुर्चीवर स्वयंपाकीण बाई बसत, रात्रीच्या जेवणाला कामाठी, आणि रविवारी आम्ही. मुलांना आमच्यापेक्षा बाईंच्याच गोष्टी अधिक आवडत, त्यामुळे रविवारीही आम्हाला लवकर उठवले जाई.